वुडीचं बी

काही वस्तू विकायला निघाल्या, एवढ्यावरूनच त्या खोट्या आहेत हे कळतं. एन्सेफॅलार्टोस वुडी नावाच्या झाडाचं बी ही त्यांतली एक. दुर्मीळ सायकॅड, म्हणजे शंकू धरणारी, पामसारखी दिसणारी झाडं, जमवणाऱ्यांच्या जगात अधूनमधून कुणीतरी हे बी विकायला काढतो. फोटोत टपोऱ्या, शेंदरी सालीच्या पाचसहा बिया ओळीनं मांडलेल्या असतात, आकार कळावा म्हणून शेजारी एक नाणं ठेवलेलं असतं, आणि खाली किंमत असते. बिया खऱ्या असतात, नाणं खरं असतं, किंमत तर फारच खरी असते. खोटं असतं ते फक्त नाव. कारण बी व्हायला आई लागते, आणि वुडीची मादी आजवर कुणाच्याही दृष्टीस पडलेली नाही.

हे झाड पहिल्यांदा नोंदलं गेलं ते 1895 साली. दक्षिण आफ्रिकेत, त्या वेळच्या झुलूलँडमधल्या न्गोये अरण्याच्या कडेला, एका उतारावर जॉन मेडली वूड यांना त्याचा एकच झुबका दिसला. वूड डर्बनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, त्यामुळे आपल्याला दिसलेलं झाड नेहमीतलं नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. चार खोडं, सगळी नर. पुढे त्या डोंगरात माणसं शोधून शोधून थकली, पण दुसरं झाड मिळालं नाही. मग ज्याचं कौतुक वाटतं त्याला घरी घेऊन यायचं, या जुन्या मानवी खोडीप्रमाणे आधी त्याच्या बुंध्याची पिल्लं डर्बनला आली, 1907 मध्ये मोठी खोडं आली, आणि 1916 साली उरलेलं शेवटचं खोडही सरकारी खात्यानं जपण्यासाठी म्हणून प्रिटोरियाला नेलं. जपता जपता ते 1964 मध्ये मेलं. न्गोयेच्या त्या उतारावर 1916 पासूनच वुडी नाही.

आज जगातल्या निरनिराळ्या बागांमध्ये जे वुडी उभे आहेत, ते सगळे त्या एका झुबक्याची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं. म्हणजे डर्बनला उभा आहे तोच गृहस्थ लंडनच्या क्यू गार्डनमध्ये उभा आहे, आणि तोच कॅलिफोर्नियातल्या लोटसलँड नावाच्या बागेतही. एवढ्या ठिकाणी एकाच वेळी हजर राहूनही इतका एकटा असलेला दुसरा कुणी मला माहीत नाही. क्यूमधलं झाड 1899 मध्ये तिथे पोचलं, आणि तिथे त्यानं पहिला शंकू धरला तो 2004 मध्ये. मध्ये 105 वर्षं गेली, दोन महायुद्धं झाली, साम्राज्यं आटोपली. एवढ्या सावकाशीनं तयार झालेल्या त्या शंकूतले पराग जायचे कुठे, तर कुठेच नाही. रूळ उखडून नेलेल्या फाट्यावर स्टेशनमास्तरनं अजूनही वेळापत्रकाप्रमाणे घंटा द्यावी, तसा वुडी आपला शंकू उघडतो आणि मिटतो.

या झाडांच्या ओळखीचा नाद लागलेले माझे एक स्नेही आहेत. निवृत्त आहेत, पुण्यात राहतात, गच्चीवर काही कुंड्या आहेत, पण त्यांचा खरा संग्रह म्हणजे इतरांच्या झाडांचे फोटो. जगात कुठेही सायकॅड विकायला निघाला की ते त्याच्याकडे भिंग घेऊन बसतात. विकत काहीच घेत नाहीत. विक्रेत्याला मात्र अत्यंत सौजन्यानं विचारतात, की आईचा फोटो आहे का, शंकूसकट? बी कुठून आलं? आणि परवाना? बहुतेक जण उत्तर देत नाहीत. एकानं उलट विचारलं होतं, की आपण पोलिसात आहात का? स्नेही त्या प्रश्नानं पुढचा आठवडाभर खूष होते.

त्यांच्या शेजारी बसून मी थोडंफार शिकलो. “अहो, पान नंतर बघा, आधी देठ,” ते म्हणतात. देठाला काटे आहेत का, तळाच्या पर्णिका लहान होत होत काट्यांवर येऊन संपतात का, की तळाशी देठ मोकळाच आहे. मग शीर. आपल्या बंगल्यांपुढे असतो तो सायकस घेतला तर त्याच्या प्रत्येक पर्णिकेला मधोमध एकच ठळक शीर असते. एन्सेफॅलार्टोसच्या पर्णिकेला मधली शीर नसते, बारीक समांतर शिरा असतात. इथवर सगळं शाळेच्या प्रयोगवहीसारखं सोपं आहे. पण पुढे एकाच कुळातल्या भावंडांना ओळखायचं आलं की घोटाळा सुरू होतो. निळ्या पानांच्या जातींना बाजारात मोठा मान आहे, हॉरिडस, लेहमानी, ट्रायस्पिनोसस वगैरे. ती निळाई म्हणजे पानावर चढलेला मेणाचा पातळ थर. सावलीत वाढलेलं झाड हिरवट दिसतं, उन्हातलं निळसर दिसतं, आणि पानावरून अंगठा फिरवला तर दुर्मीळपणा अंगठ्याला लागून येतो. त्यात रोप लहान असेल तर बोलायलाच नको. बाळपणी हे सगळे सारखेच दिसतात आणि विकायला येतात ते बहुधा बाळपणीच.

खरी ओळख पटते ती शंकू आल्यावर. नर आहे की मादी, तेही त्याआधी कळत नाही. आणि शंकू यायला काही झाडं दहा-पंधरा वर्षं घेतात, काही घेणाऱ्याचं आयुष्य घेतात. क्यूमध्येच एन्सेफॅलार्टोस अल्टेन्स्टाइनीचं एक झाड आहे. फ्रान्सिस मॅसन यांनी आफ्रिकेत मिळवलेलं हे झाड 1775 मध्ये तिथे पोचलं, आणि कुंडीत जगणारं जगातलं सर्वांत जुनं झाड म्हणून ते मिरवतं. एवढ्या काळात त्यानं शंकू धरल्याची नोंद एकदाच आहे, 1819 सालची. तो पाहायला वृद्ध जोसेफ बँक्स मुद्दाम आले होते. पुढच्या वर्षी ते वारले. म्हणजे ज्या माणसानं कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यालाही या कुंडीपुढे ताटकळावं लागलं.

वाट न पाहिल्याचा परिणाम काय होतो, हे स्टँजेरियानं दाखवून दिलं. नेच्यासारखी मऊ, फाटे फुटलेल्या शिरांची पानं असलेलं हे आफ्रिकन झाड गुस्ताव कुन्झे नावाच्या जर्मन पंडितापुढे गेलं 1830 च्या दशकात. कुन्झे हे नेच्यांचे मोठे जाणकार. जाणकारापुढे जे येतं ते त्याच्या विषयातलंच दिसतं. त्यांनी त्याला नेचा म्हणून नोंदवलं, नाव दिलं, आणि प्रकरण मिटलं. मग काही वर्षांनी, 1850 च्या सुमाराला, लंडनच्या चेल्सी इथल्या औषधी बागेत वाढवलेल्या अशाच एका झाडाला शंकू आला. नेच्याला शंकू येत नाही. सगळ्यांना आपली पुस्तकं पुन्हा उघडावी लागली. मला यात त्या झाडाचं फार कौतुक वाटतं. त्यानं कुणाशी वाद घातला नाही, आपल्या वेळेला जे करायचं ते केलं.

मग डीएनए तपासा की, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो. 2007 मध्ये सायकॅडांवर डीएनए बारकोडची परीक्षा घेतली गेली, तेव्हा सुचवलेल्या खुणांपैकी एकीलाही सगळ्या जाती बिनचूक वेगळ्या करून दाखवता आल्या नाहीत. एका कुळातल्या जाती एकमेकींच्या फारच जवळच्या निघतात. त्याचं कारण कळलं 2011 मध्ये. सायकॅडांचं घराणं 25 कोटी वर्षांहून जुनं आहे हे खरं, पण आज जिवंत असलेल्या जाती बहुतेक सगळ्या गेल्या सव्वा कोटी वर्षांच्या आतबाहेर फुटल्या, असं त्या अभ्यासात दिसलं. विक्रेते ज्याला डायनासोरांचा साक्षीदार म्हणून विकतात, तो डायनासोर गेल्यानंतर खूप उशिरा आलेला पणतू आहे. आडनाव जुनं, माणूस नवा.

आणि तोतयेगिरी तर डायनासोरांच्या काळातही होतीच. झारखंडच्या राजमहाल टेकड्यांत दगडांवर उमटलेली सुंदर पानं सापडतात. दिसायला हुबेहूब सायकॅडची. ती सायकॅडची नव्हेत. बेनेटायटेलीस नावाच्या, आता पूर्ण नष्ट झालेल्या वेगळ्याच गटाची ती आहेत; बिरबल साहनींनी 1932 मध्ये त्यांतल्या एका झाडाचं, विल्यमसोनियाचं, अख्खं रूप जुळवून दाखवलं. पानावरून फरक कळत नाही, तो कळतो सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रांच्या ठेवणीवरून, आणि तेही ध्यानात आलं 1913 च्या आसपास. कोट्यवधी वर्षं ही दोन घराणी एकच पोशाख घालून शेजारी शेजारी वावरली. त्या काळी कुणी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही.

वुडीकडे परत येतो. मादी नाही म्हटल्यावर बागवानांनी त्याचे पराग त्याच्या जवळच्या नातलगाच्या, नेटॅलेन्सिसच्या मादीला दिले. झालेल्या मुलींना पुन्हा वुडीचेच पराग दिले, आणि नातींनाही. दर पिढीत संतती वुडीसारखी दिसू लागते, चकचकीत, कमानदार, गर्द हिरवी. हिशोबी माणसं रोपांवर पिढीचा आकडा लिहून विकतात, त्यात काही वावगं नाही. पण चिठ्ठ्या पडतात, पावसात शाई धुऊन जाते, झाड हस्तांतरित होतं, आणि तिसऱ्या मालकाच्या बागेत नात आजोबा होऊन बसते. तेव्हा वुडी म्हणून आलेल्या झाडाला मादीचा शंकू आला, तर मालकानं दोनच गोष्टी मनात आणाव्यात: आपण फसलो, किंवा शतकातला सर्वांत मोठा शोध आपल्या परसात लागला. माझे स्नेही म्हणतात, माणूस दुसरी गोष्ट आधी मनात आणतो, आणि तेवढ्या काही क्षणांसाठी दिलेले पैसे वसूल होतात. यावर कडी म्हणजे काही अभ्यासकांना शंका आहे की वुडी हाच मुळात जुना नैसर्गिक संकर असावा. ज्याच्या शुद्धतेसाठी एवढी चौकशी चालते, त्याच्या स्वतःच्या जन्माचा दाखला धूसरच आहे.

आतापर्यंत हसत आलो, पण इथे थोडं थांबावं लागतं. झाड कोण, या प्रश्नाच्या पाठोपाठ झाड कुठलं, हा प्रश्न येतो, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. एन्सेफॅलार्टोसच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे रानातून काढलेलं झाड विकायला बंदी आहे. बागेत वाढवलेलं विकता येतं, तेही कागदपत्रांसह. साहजिकच रानातलं प्रत्येक चोरीचं झाड बाजारात पोचेपर्यंत बागेत वाढलेलं होतं. दक्षिण आफ्रिकेत रानातल्या झाडांच्या खोडात मायक्रोचिप बसवल्या, तर चोरांनी त्या हुडकून कोरून काढल्या. 2014 मध्ये तर केपटाऊनच्या कर्स्टनबॉश उद्यानातून, म्हणजे ओळखीचे सगळे दाखले जिथे ठेवलेले असतात तिथूनच, दोन डझन सायकॅड नाहीसे झाले. त्यांत बहुतेक लॅटिफ्रॉन्स होते. या जातीची रानातली उरलेली झाडं एकमेकांपासून इतकी लांब आहेत की नैसर्गिकपणे त्यांना बी धरत नाही.

त्याच वर्षी केपटाऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक उपाय सुचवला, आणि तो मला एखाद्या कवितेच्या कल्पनेइतका आवडला. सायकॅडचं पान गळतं तेव्हा त्याच्या देठाचा बुडखा खोडावर तसाच राहतो. वर्षानुवर्षांचे बुडखे एकावर एक चढत जातात, त्यांचंच खोडाला चिलखत होतं. प्रत्येक बुडख्यात त्या त्या वर्षीचं पाणी आणि माती समस्थानिकांच्या रूपानं उतरलेली असते. खालचे बुडखे डोंगराचं पाणी प्यालेले आणि वरचे नळाचं, असं आढळलं, की झाड केव्हातरी हललेलं आहे. आणि रेडिओकार्बननं ते साधारण केव्हा हललं हेही काढता येतं. मालक सांगतो, आजोबांनी लावलेलं आहे. झाड सांगतं, नाही, मी अलीकडेच आलो, मला अजून माझा उतार आठवतो.

एक विचित्र पेच मात्र तसाच राहतो. पुष्कळ जाती नक्की सांगायच्या तर त्या कुठे उगवल्या हे ठाऊक असावं लागतं. आणि कुठे उगवतात हे छापलं, की पुढच्या मोसमात तिथे खड्डे दिसतात. म्हणून अलीकडचे वनस्पतिशास्त्रज्ञ नव्या जातीचं वर्णन काट्यापासून शंकूपर्यंत बारकाईनं करतात आणि पत्त्याच्या जागी गप्प राहतात. ज्या शास्त्राचा पाया ‘कुठे सापडलं’ या नोंदीवर उभा राहिला, त्याला आता ती नोंद कुलपात ठेवावी लागते.

ही नोंद एके काळी किती मोकळेपणानं आणि साक्षीदारांसकट होत असे, याचा एक पुरावा आपल्या लिपीत आहे. कोचीनचा डच कमांडर हेंड्रिक व्हॅन रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांचं 1675 सालचं प्रमाणपत्र आहे. कोकणी भाषेत, नागरी लिपीत. या वनस्पतींची माहिती आम्ही तपासून दिली आहे, अशी ती साक्ष. युरोपात छापलेल्या पानावर आपलं मोडकं-वळणदार अक्षर पाहताना मला नेहमी गंमत वाटते. पुढे, तिसऱ्या खंडात सायकसचं चित्र आलं, त्याच्या आधारानं लिनियसनं 1753 मध्ये सायकस सर्सिनॅलिस हे नाव दिलं, आणि मग दोनशेहून अधिक वर्षं ते नाव पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून आग्नेय आशियाच्या बेटांपर्यंत दिसेल त्या उंच सायकसला लावलं गेलं. ते अखेर मलबारच्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या झाडाकडे परत आलं ते विसाव्या शतकाच्या शेवटाला. तीन वैद्यांनी सही करून दिलेला कागद बरोबरच होता. लोकांनी तो वाचला नाही एवढंच. आजही लांबच्या बागांमध्ये सर्सिनॅलिसची पाटी असते आणि पाटीमागे कुणी वेगळाच उभा असतो.

तिरुपतीला जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जणांना ठाऊक असतं, की तिरुमलाच्या त्याच डोंगररांगेत सायकस बेडोमी नावाची जात उगवते? सायकस वंशातली तेवढी एकच जात साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे. आपण रांगेत उभे असतो, तीही उभी असते. आणि घरी परतल्यावर फाटकापाशी जो सायकस आपण ओलांडून जातो, तो जपानकडचा रेव्होल्युटा. त्याला सगळे पाम म्हणतात, त्याची पानं पुष्पगुच्छात खोचतात, तो नर की मादी हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नसतं. त्याला कुणी कागद मागत नाही. स्वस्त असण्याचे असे काही फायदे असतात.

न्गोयेत मात्र शोध अजून चालू आहे. 2024 मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या पुढाकारानं अरण्यावरून ड्रोन उडवले गेले. वरून काढलेल्या फोटोंतून वुडीचा आकार ओळखायला संगणकाला शिकवलं आहे. अरण्याचा अगदी थोडा भाग पाहून झाला आहे, मादी दिसलेली नाही. माझ्या स्नेह्यांचं मत असं, की ती असली तर तिनं स्वतःहून लपलेलंच बरं. आणि हे मत सांगून झाल्यावर ते ती सापडली का याची बातमी पाहायला उठून जातात.

तेव्हा वाचकहो, कुणी वुडीचं बी देऊ केलं तर घेऊ नका, मग शेजारी नाणं कितीही खरं असो. वुडीचं रोप देऊ केलं तर कुठल्या बागेच्या कुठल्या झाडाचं पिल्लू आहे ते विचारा, आणि परवाना पाहा. उत्तराऐवजी आपण पोलिसात आहात का असं विचारलं गेलं, तर तेच उत्तर समजा. आणि पाच-दहा वर्षांनी मादीचा शंकू आलाच, तर विक्रेत्याशी भांडायला जाण्याआधी क्यूला एक फोन करा.